वाचकांचे प्रश्न : फुटबॉलचे क्लब गुणी खेळाडू इतक्या लवकर का सोडतात?

मागील अंकात लिव्हरपूलच्या 2025 मधील इंग्लिश लीग विजेतेपदाविषयी लिहिताना, याच संघाचा आधारस्तंभ असलेल्या मोहम्मद सालाहला एके काळी लंडनच्या चेल्सी क्लबने विकून टाकले होते, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर काटोल, वरुड, पुसद, वणी, दारव्हा आणि राजुरा या भागांतून पत्रे आली. सगळ्यांचा विषय एकच असल्यामुळे या अंकातील संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. काही पत्रे लहान मुलांविषयी असल्याने सर्वच पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : चेल्सीने केव्हिन डी ब्रॉयना आणि मोहम्मद सालाह असे दोन मोठे खेळाडू थोड्याच काळाच्या अंतराने घालवले. इतके प्रशिक्षक आणि इतके निरीक्षक पगारावर असताना त्यांचे गुण कोणाच्याच लक्षात कसे आले नाहीत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, काटोल)

उत्तर : गुण लक्षात आले नाहीत असे म्हणता येत नाही, कारण ते लक्षात आले होते म्हणूनच चेल्सीने दोघांनाही विकत घेतले होते. डी ब्रॉयनाला 2012 च्या जानेवारीत बेल्जियमच्या गेंक क्लबकडून आणले तेव्हा तो 20 वर्षांचा होता. पुढचा हंगाम त्याला जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, पाठवले आणि तिथे त्याने लीगमध्ये 10 गोल केले. सालाहचे तर चेल्सीने स्वतःच्या अंगावर अनुभवले होते. 2013 च्या शरद ऋतूत स्वित्झर्लंडच्या बासेल संघाकडून खेळताना त्याने चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या दोन्ही सामन्यांत चेल्सीवर गोल केला होता आणि ते दोन्ही सामने बासेलने जिंकले होते.

आता 2014 चा जानेवारी महिना पाहा. त्या एकाच महिन्यात चेल्सीने डी ब्रॉयनाला जर्मनीच्या वुल्फ्सबुर्गला सुमारे 1 कोटी 80 लाख पाउंडांना विकले, क्लबच्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान दोनदा मिळवलेल्या हुआन माताला मँचेस्टर युनायटेडकडे जाऊ दिले आणि सालाहला विकत घेतले. प्रशिक्षक जोसे मोरिन्हो यांच्याकडे पुढच्या फळीच्या मागे खेळायला आझार, ऑस्कर, विलियन आणि शुर्ले होतेच. जागा तीन आणि त्या मागणारे पाच-सहा, अशा स्थितीत डी ब्रॉयनाच्या वाट्याला चेल्सीकडून लीगचे अवघे 3 सामने आले, सालाहच्या वाट्याला 13 आले आणि त्यांत त्याचे 2 गोल झाले. मग सालाह इटलीच्या फिओरेंटिनाकडे लोनवर गेला, तिथून रोमाकडे गेला आणि 2016 मध्ये रोमाने त्याला कायमचा घेतला. 2017 मध्ये लिव्हरपूलला आल्यावर पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये 32 गोल केले. डी ब्रॉयना 2015 मध्ये जर्मनीतील वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीने त्याच्यासाठी सुमारे साडेपाच कोटी पाउंड मोजले. सिटीकडून त्याने 6 वेळा लीग जिंकली.

एवढे वाचून चेल्सीला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु मधल्या एका गोष्टीकडे लोकांचे सहसा लक्ष जात नाही. 2014-15 ची लीग चेल्सीनेच जिंकली होती! म्हणजे ज्या निर्णयाला आज आपण चूक म्हणतो, तो निर्णय घेतल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याचा काहीही त्रास झाला नव्हता, उलट तो निर्णय बरोबरच वाटला होता. नुकसान दिसू लागले ते दोन-तीन वर्षांनी, आणि तोपर्यंत मोरिन्हो चेल्सीत राहिले नव्हते, कारण 2015 च्या डिसेंबरात क्लबने त्यांनाच काढले होते. या प्रकारच्या चुका पुनःपुन्हा का घडतात याचे मुख्य कारण मला इथे दिसते. प्रशिक्षकाला पुढच्या शनिवारचा सामना जिंकायचा असतो, तो हरला तर त्याची नोकरी जाते, आणि 20 वर्षांचा मुलगा 23 व्या वर्षी काय होईल याचा हिशेब द्यायला त्या वेळी तो जागेवर असेलच याची शाश्वती त्याला स्वतःलाही नसते. त्यामुळे या चुका पारखेच्या कमी आणि धीराच्या अधिक असतात, असे माझे मत आहे.

नियमांचाही वाटा आहेच. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये 2010-11 पासून 21 वर्षांवरील खेळाडूंची यादी 25 जणांपुरती मर्यादित केलेली आहे. वयाने ती रेषा ओलांडली की मुलाला यादीत जागा द्यावी लागते किंवा त्याला बाहेर पाठवावे लागते. चेल्सीने एके काळी एकाच वेळी तीसहून अधिक खेळाडू लोनवर ठेवले होते. आता फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने या प्रथेला लगाम घातला असून, 21 वर्षांपर्यंतचे आणि क्लबच्याच तालमीत वाढलेले खेळाडू वगळता, 2024 पासून एका क्लबला आंतरराष्ट्रीय लोनवर एका वेळी 6 पेक्षा जास्त खेळाडू देता येत नाहीत.

प्रश्न : आपण आणि इतर क्रीडालेखक नेहमी जे खेळाडू पुढे मोठे झाले त्यांचीच उदाहरणे देता. ज्यांना सोडले आणि जे खरोखरच पुढे चमकले नाहीत, त्यांची संख्या कितीतरी पट असेल. मग क्लब चुकले असे कसे म्हणायचे? (निवृत्त शिक्षक, पुसद)

उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे आणि तो मी मान्य करतो. अकादमीतून घरी पाठवलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळत नाहीत, म्हणजेच बहुतेक निर्णय खेळापुरते बरोबर असतात. माझा रोख निर्णयांच्या संख्येवर नाही, त्यांच्या पद्धतीवर आहे. ज्या निर्णयात मुलाची आजची उंची, आजचे वजन आणि संघातील आजची रिकामी जागा एवढेच पाहिले जाते, तो निर्णय दहापैकी नऊ वेळा बरोबर निघाला, तरी दहाव्या वेळी तो कोणत्या मुलावर चुकणार हे आधीच सांगता येते. चुकतो तो उशिरा वाढणाऱ्या मुलावर. पुढच्या पत्राचा विषयच तो आहे.

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा असून आठवीत शिकतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्याचा खेळ चांगला झाला असे सगळेच म्हणाले, परंतु अंगाने लहान असल्यामुळे त्याला घेतले नाही. निवड करणारे सर म्हणाले, "लय बारीक हाय हा, याले पुढच्या साली आना." त्याचा जन्म नोव्हेंबरचा आहे. त्याचे मन खचले आहे. काय करावे? (संत्रा उत्पादक पालक, तालुका वरुड)

उत्तर : आपण मुलाचा जन्ममहिना लिहिलात हे फार बरे केले. आपल्याकडे फुटबॉलमध्ये वयोगट ठरवताना साधारणपणे 1 जानेवारी ही तारीख धरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेला अशी दोन मुले कागदोपत्री एकाच वयाची असतात, परंतु प्रत्यक्षात पहिला दहा महिन्यांनी मोठा असतो. 13 व्या वर्षी दहा महिने ही लहान गोष्ट नाही. शिवाय मुलग्यांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने 14 व्या वर्षाच्या आसपास येतो, तो कोणाचा 12 व्या वर्षी येतो तर कोणाचा 16 व्या वर्षी, आणि एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर पडू शकते. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले युवा संघांत प्रमाणाबाहेर जास्त असतात, हे अनेक देशांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. कॅनडातील आइस हॉकीच्या संघांत ही गोष्ट 1980 च्या दशकातच लक्षात आली होती. म्हणजे निवड करणारा प्रामाणिकपणे गुण शोधत असतो आणि त्याच्या हाती बरेचदा फक्त जन्ममहिना लागतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे आणि ती स्पष्ट लिहिली पाहिजे. दाखल्यावरचे वय कमी करून मोठी मुले लहान गटात उतरवली जातात, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका खऱ्या वयाच्या, उशिरा वाढणाऱ्या मुलाला बसतो. कोणी आपल्याला तसा सल्ला दिला तर तो ऐकू नका. अनेक स्पर्धांत मनगटाची हाडे तपासून वयाची खातरजमा करतात. त्यात सापडलेल्या मुलाला पुढे दारे बंद होतात.

मी स्वतः ही चूक केलेली आहे, म्हणून या विषयावर मला अधिकाराने नव्हे पण कळकळीने लिहिता येते. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत मी पीटीचा शिक्षक होतो. शाळेकडे 16 जर्सी होत्या आणि एसटीच्या भाड्याची मंजुरीही 16 मुलांपुरतीच होती. सतरावा मुलगा सडपातळ, मोठ्या भावाचे बूट घालून खेळायचा. बूट दोन नंबर मोठे असल्यामुळे त्यांच्या टोकात त्याने घरचाच कापूस कोंबलेला असे आणि खेळता खेळता तो कापूस बाहेर आला की कडेला बसून पुन्हा आत दाबायचा. त्याची एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती : चेंडू पायाशी येण्याआधीच तो मान वळवून दोन्ही बाजू पाहून घ्यायचा, त्यामुळे चेंडू आला की लगेच पुढे जायचा. बाकीची मुले चेंडू आल्यावर विचार करत. तरीही मी त्याला वगळले आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे "पुढील वर्षी विचार करावा" असा शेरा लिहिला. पुढील वर्षी तो मामाच्या गावी शिकायला गेला. दोन वर्षांनी तो दुसऱ्या तालुक्याच्या शाळेकडून आमच्याविरुद्ध खेळायला आला, तेव्हा तो माझ्यापेक्षा उंच झाला होता आणि आमच्यावर झालेले दोन्ही गोल त्याच्याच पासवर झाले. सामना संपल्यावर मी त्याला विचारले, की मधल्या दोन वर्षांत तू नवीन काय शिकलास? तो म्हणाला, "काई नाई सर, उंची वाढली."

मोठ्या क्लबांच्या बाबतीतही अगदी हेच घडलेले आहे. हॅरी केनला आर्सेनलने 8 वर्षांचा असताना सोडले. तो तेव्हा थोडा गुबगुबीत होता आणि चपळ दिसत नव्हता. पुढे तो टॉटनहॅममध्ये वाढला, त्या क्लबसाठी 280 गोल करून त्यांचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचाही झाला. स्कॉटलंडच्या अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने 15 व्या वर्षी लहान चणीमुळे सोडले. फ्रान्सचा अँटोइन ग्रीझमान उंचीमुळे आपल्याच देशातील अनेक क्लबांकडून नाकारला गेला, म्हणून तो कोवळ्या वयात घर सोडून स्पेनच्या रिआल सोसिएदादकडे गेला, आणि 2018 चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघात तोच आघाडीवर होता. ही चूक ओळखून आता काही ठिकाणी उपाय सुरू झाले आहेत. इंग्लंडच्या अकादमींत अधूनमधून मुलांचे गट जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार पाडून सामने खेळवतात, आणि बेल्जियमच्या राष्ट्रीय संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघ चालवले आहेत.

आपण संत्र्याची बाग करता, तेव्हा कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षे झाड फळावर येण्याची वाट पाहणे आपल्याला नवीन नाही. मुलाच्या बाबतीत काही साध्या गोष्टी करता येतील. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी त्याच्या उंचीची खूण करा आणि तारीख लिहा. वाढ जोरात सुरू झाली की त्या काळात मुलाचा चेंडूवरचा ताबा थोडा बिघडतो आणि गुडघे, टाचा दुखतात, तेव्हा सराव कमी करावा लागतो, आणि त्या महिन्यांत कोणी त्याचा खेळ घसरला म्हणाले तरी घाबरू नये. सध्या त्याला अंगावर येणाऱ्या मोठ्या मुलांपासून लवकर पास देऊन सुटणे शिकावेच लागत आहे, ते कौशल्य पुढे उंची आल्यावर त्याच्या उपयोगी पडेल. आणि त्या सरांनी "पुढच्या साली आना" म्हटले आहे तर खरोखरच पुढच्या वर्षी त्याला घेऊन जा. आपल्याकडची बरीच मुले दुसऱ्या वर्षी चाचणीला जातच नाहीत.

प्रश्न : लवकर सोडणे हे फक्त तरुण खेळाडूंच्याच बाबतीत घडते का? (कोळसा खाणीतील कर्मचारी, वणी)

उत्तर : नाही. वयस्कर म्हणून घाईने सोडलेल्यांची उदाहरणेही मोठी आहेत. मधल्या फळीतील आंद्रेआ पिर्लोला 2001 मध्ये इटलीच्या इंटर क्लबने त्याच शहरातल्या मिलान क्लबकडे जाऊ दिले आणि तिथे त्याने दोन वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. 2011 मध्ये तो 32 वर्षांचा असताना मिलानने त्याचा करार संपू दिला. इटलीच्याच युव्हेंटसने मिलानला एक पैसाही न देता त्याला घेतले, पहिल्याच हंगामात लीगचे 38 सामने न हरता विजेतेपद मिळवले आणि तो असेपर्यंतची चारही वर्षे लीग जिंकली. म्हणजे एकच खेळाडू दोन क्लबांनी दहा वर्षांच्या अंतराने लवकर सोडला.

माझ्या मते सर्वांत महाग पडलेली चूक मात्र क्लॉद माकेलेलेची आहे. 2003 च्या उन्हाळ्यात स्पेनच्या रिआल माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला आणले आणि त्याच उन्हाळ्यात माकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिले. माकेलेले गोल करत नसे आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतील असे काही करत नसे. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला सुरू होण्याआधीच चेंडू काढून घेऊन तो जवळच्या माणसाला देणे, एवढेच त्याचे काम होते. रिआलला पुढची लीग 2007 मध्ये मिळाली, आणि चेल्सीने मधल्या काळात 2005 आणि 2006 ची इंग्लिश लीग जिंकली. बांधाची माती धरून ठेवणाऱ्या गवताकडे पहिला मोठा पाऊस येईपर्यंत कोणी पाहत नाही, तसे त्याचे झाले.

याच रिआलने 2009 मध्ये आर्येन रॉबेन आणि वेस्ली स्नायडर या दोन्ही डच खेळाडूंना विकले. पुढच्या वर्षीचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना रिआलच्याच मैदानावर होता, आणि त्यात रॉबेन जर्मनीच्या बायर्नकडून आणि स्नायडर इंटरकडून खेळला. इंटरने तो 2-0 असा जिंकला.

प्रश्न : मी 17 वर्षांचा आहे. दोन वर्षे एका अकादमीच्या वसतिगृहात राहून खेळत होतो. मे महिन्यात आम्हाला बोलावून पाच जणांना घरी जायला सांगितले. कारण सांगितले नाही. गावात सगळे विचारतात, परत का आलास? आता फुटबॉल सोडून द्यावे का? (विद्यार्थी, तालुका दारव्हा)

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले. कारण न सांगता मुलाला घरी पाठवणे ही चूक त्या संस्थेची आहे, आणि दोन वर्षे घराबाहेर काढलेल्या मुलाला तेवढे सांगणे हे त्यांचे कर्तव्य होते. म्हणून पहिले काम असे कर की वडिलांच्या सहीने एक साधे पत्र पाठवून, कोणत्या बाबतीत कमी पडलो, हे लेखी विचार. उत्तर येईलच असे नाही, परंतु आले तर तुला सुधारण्याची दिशा मिळेल. त्याच पत्रात तुझी नोंदणी मोकळी करण्याची मागणी कर, कारण जुन्या क्लबच्या नावावर नोंदणी अडकून राहिली तर दुसरीकडे खेळताना अडचण येते.

दुसरी गोष्ट ही, की खेळाडूला सोडणे म्हणजे प्रत्येक वेळी खेळाडूचाच दोष असतो असे नाही. आपल्याच राज्यातील एफसी पुणे सिटी हा 2014 मध्ये सुरू झालेला क्लब 2019 मध्ये बंद झाला. भारताच्या तरुण खेळाडूंसाठी राष्ट्रीय संघटनेने चालवलेला इंडियन ॲरोज हा संघ 2022 मध्ये बंद करण्यात आला. तिथे खेळाडू कमी पडले नव्हते, संघच उरला नव्हता.

जेमी व्हार्डीचे तुला माहीत असेल, तरी सांगतो, कारण त्याच्या वेळापत्रकाकडे तू नीट पाहावेस अशी माझी इच्छा आहे. शेफील्ड वेन्सडे क्लबने त्याला 16 व्या वर्षी सोडले. त्यानंतर तो कारखान्यात काम करून स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या गावच्या संघाकडून आठवड्याला 30 पाउंडांवर खेळू लागला. लेस्टरने त्याला 2012 मध्ये घेतले तेव्हा तो 25 वर्षांचा होता. लेस्टरने लीग जिंकली 2016 मध्ये आणि लीगमधील सर्वाधिक गोलांचा मान त्याला 33 व्या वर्षी मिळाला. वरच्या पत्रात उल्लेखलेला रॉबर्टसन सेल्टिकने सोडल्यावर क्वीन्स पार्क या हौशी संघाकडून खेळत होता आणि पोटासाठी हॅम्पडेन पार्क मैदानाच्या तिकिटांचे फोन घेत होता. त्यानंतर सात वर्षांच्या आत तो चॅम्पियन्स लीग जिंकला. हे दोघेही सोडल्यानंतर लगेच दुसऱ्या मोठ्या अकादमीच्या मागे लागले नाहीत. जिथे दर आठवड्याला पूर्ण सामना खेळायला मिळेल अशा लहान संघात गेले. 2013 मध्ये लेस्टरच्या बेंचवर व्हार्डी आणि लोनवर आलेला केन शेजारी शेजारी बसलेले होते, आणि त्या दिवशी त्या दोघांकडे पाहून पुढचे कोणालाही सांगता आले नसते.

म्हणून माझा सल्ला असा आहे. बारावी पूर्ण कर, त्यात तडजोड नको. वसतिगृहाच्या संघात तू बेंचवर किती सामने काढलेस ते मला माहीत नाही, परंतु पुढचे दोन हंगाम तुला दर आठवड्याला 90 मिनिटे मिळाली पाहिजेत. नागपूर आणि कामठी इथे फुटबॉलची जुनी परंपरा आहे आणि स्थानिक लीगचे संघ आहेत. महाविद्यालयात गेल्यावर विद्यापीठाच्या संघाची निवड असते. हे सगळे करून 20 व्या वर्षी तुला वाटले की आता पुरे, तर तो निर्णय तुझा असेल आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गावातल्या लोकांना एवढेच सांग, की तिथली मुदत संपली आणि खेळ चालू आहे.

प्रश्न : आमचा गावातला छोटा क्लब आहे. दहा-बारा वर्षांची मुले आम्ही घडवतो आणि 15-16 वर्षांची झाली की मोठ्या शहरातले संघ ती घेऊन जातात. आम्हाला काहीच मिळत नाही. परदेशात लहान क्लबांना पैसे मिळतात असे ऐकले आहे, ते खरे आहे का? (क्लबचे सचिव, तालुका राजुरा)

उत्तर : खरे आहे, आणि हा नियम भारतासह सर्व देशांना लागू आहे. एखादा खेळाडू करार चालू असताना रक्कम घेऊन एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर त्या रकमेचे 5 टक्के, त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. 12 ते 15 या वयातील प्रत्येक हंगामासाठी पाव टक्का आणि 16 ते 23 या वयातील प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का, असा हिशेब आहे. आपल्याकडे 12 ते 15 असे चार हंगाम खेळलेला मुलगा पुढे कधी 1 कोटी रुपयांना परदेशी गेला, तर आपल्या क्लबचा वाटा 1 लाख रुपये होतो. त्याला 16 आणि 17 या वयाचे आणखी दोन हंगाम आपण सांभाळले असते तर तो 2 लाख झाला असता. याशिवाय खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला की प्रशिक्षणाची भरपाई हा वेगळा हक्क असतो. 2022 पासून फिफाने या रकमा गोळा करून वाटण्यासाठी पॅरिसमध्ये स्वतंत्र क्लिअरिंग हाउस सुरू केले आहे. देशातल्या देशात होणाऱ्या बदल्यांसाठी राष्ट्रीय संघटनेचे नियम असतात, ते जिल्हा संघटनेकडून मागून घ्यावेत.

परंतु या सगळ्याचा पाया नोंदणी आहे, आणि आपल्या भागातील क्लब तिथेच कमी पडतात. खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडे होता हे ठरते ते राष्ट्रीय संघटनेच्या सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टीममधील नोंदीवरून. आपला क्लब जिल्हा आणि राज्य संघटनेशी संलग्न नसेल आणि मुलाची ऑनलाइन नोंद झालेली नसेल, तर त्याने आपल्या मैदानावर घालवलेली चार वर्षे कागदावर अस्तित्वातच नसतात.

मोठे क्लबही आता मुलाला सोडताना हातात एक दोर ठेवतात. रिआल माद्रिदने दानी कार्वाहालला 2012 मध्ये जर्मनीच्या लेव्हरकुसेनला विकले, परंतु ठरलेल्या किमतीला परत घेण्याची अट करारात घातली आणि एका वर्षाने 65 लाख युरोंना त्याला परत आणले. पुढे दहा वर्षे तो त्यांच्या बचावाचा कणा होता. ज्यांनी असा दोर ठेवला नाही त्यांचे काय होते हे मँचेस्टर युनायटेडने पाहिले आहे. पॉल पोग्बा 2012 मध्ये करार संपल्यावर त्यांच्याकडून जवळजवळ फुकट युव्हेंटसकडे गेला आणि 2016 मध्ये त्यालाच परत आणायला त्यांना 8 कोटी 90 लाख पाउंड द्यावे लागले, जी तेव्हा जगातील विक्रमी रक्कम होती.

आपल्या क्लबसाठी दोर म्हणजे एक जाड नोंदवही, एवढेच आजच्या घडीला पुरेसे आहे. प्रत्येक मुलाचे नाव, जन्मदाखल्याची प्रत, क्लबमध्ये आल्याची तारीख, प्रत्येक हंगामात खेळलेले सामने आणि ऑनलाइन नोंदणीचा क्रमांक त्यात असावा. मुलगा क्लब सोडून जाईल त्या दिवशी त्याच पानावर तारीख, तो कोणत्या संघाकडे गेला ते नाव आणि त्याच्या पालकांची सही घ्यावी. तसेच शेऱ्याच्या रकान्यात, जे मी माझ्या नोंदवहीत लिहिले नव्हते, ते आपण लिहावे : त्या दिवशीची त्याची उंची.